खाली उकळतं चिकन, वर थंड पीठ: बिस्किटाच्या थराचं कॅसरोल

या पदार्थात अवघड असं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. भांड्यात खाली जाणारं चिकन आणि सॉस उकळता हवा, आणि त्याच्यावर ठेवायचं पीठ फ्रीजमधून काढल्यासारखं थंड हवं. ही दोन तापमानं सांभाळली तर बाकी सगळी पोरखेळाची कामं आहेत. नाही सांभाळली, तर मापं कितीही काटेकोर घ्या, बिस्किटं खालून कच्ची राहतात आणि वरून दगड होतात.

बिस्किट म्हणजे इथे चहात बुडवायचं नव्हे. अमेरिकेत, विशेषतः तिथल्या दक्षिणेकडच्या घरांत, मैदा, लोणी, ताक आणि बेकिंग पावडरचे मऊ, पदर सुटणारे, खारट गोळे भाजतात. त्यांना ते बिस्किट म्हणतात. चिकनच्या पांढऱ्या सॉसवर हे गोळे मांडून भांडं ओव्हनमध्ये सरकवलं की कॅसरोल झालं. तिकडे याची सोपी आवृत्ती डब्यांवर चालते. कॅम्पबेल्स या अमेरिकन कंपनीचं क्रीम ऑफ मशरूम सूप 1934 मध्ये आलं आणि घट्ट सॉसचा प्रश्न डबा फोडून सुटू लागला. बिस्किटांचं तयार मिश्रणही त्याच दशकात मिळायला लागलं. आपल्याकडे असे डबे शोधत फिरण्यात आणि मिळाले तर त्यांची किंमत मोजण्यात अर्थ नाही. पांढरा सॉस घरी 10 मिनिटांत होतो आणि डब्यापेक्षा चांगला लागतो.

नागपुरात हे करायचे दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी. अधिवेशनाची गर्दी असते, रात्री स्वेटर निघतात, गोकुळपेठेच्या बाजारात आणि कॉटन मार्केटला कोवळे वाटाणे नि गाजरांचे ढीग लागतात. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, तासभर चालू ठेवला तर घर ऊबदार होतं, कोणी कुरकुरत नाही. मे महिन्यातही करता येतं, पण त्याची वेगळी तयारी लागते. ती पुढे सांगते.

काय काय आणायचं

खालची मापं पाच ते सहा जणांसाठी आहेत. भांडं साधारण दोन लिटरचं, 23 सेंटिमीटर गोल किंवा तेवढंच चौकोनी, काचेचं किंवा ॲल्युमिनियमचं. आधी ते तुमच्या ओटीजीत बसतं का ते बघा. भाजीवाल्याकडे निघण्याआधी बघा.

चिकनसाठी:
ब्रॉयलर, स्किन काढलेलं, हाडासकट 1 किलो
लोणी 60 ग्रॅम
मैदा 60 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा कप
चिकनचं पाणी (स्टॉक) 500 मिली
दूध 250 मिली, म्हशीचं असेल तर उत्तम
कांदे 2 मध्यम, गाजरं 2, सोललेले वाटाणे 1 कप
लसूण 6-7 पाकळ्या, हिरव्या मिरच्या 2
तेजपान 1, अख्खे मिरे 8-10, भरड कुटलेली मिरेपूड 1 चमचा

बिस्किटांसाठी:
मैदा 250 ग्रॅम, म्हणजे 2 कप
बेकिंग पावडर 3 चमचे, खायचा सोडा पाव चमचा
साखर 1 चमचा, मीठ पाव चमचा
लोणी 85 ग्रॅम, गोठवलेलं
घट्ट दही 120 ग्रॅम आणि थंड दूध 60 मिली, एकत्र घुसळून

चमचा म्हणजे चहाचा, 5 मिलीचा, सपाट. कप 240 मिलीचा.

लोण्याबद्दल दोन शब्द. दुकानात मिळतं ते पिवळं टेबल बटर खारं असतं, म्हणून बिस्किटात मीठ एवढं कमी लिहिलंय. बिनमिठाचं किंवा घरचं लोणी वापरलं तर मीठ अर्धा चमचा करा. घरच्या लोण्यात पाण्याचा अंश कमी-जास्त असतो, तेव्हा ते आधी चांगलं धुऊन, पिळून घ्या. 100 ग्रॅमच्या दोन वड्या आणल्या की हिशोब सोपा होतो. एक आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका. तिच्यातले 85 ग्रॅम पिठात जातील, उरलेले 15 शेवटी बिस्किटांवर लावायला.

दही-दूध घुसळायचं कारण असं की अमेरिकन पाककृतीत ताक लिहिलेलं असतं ते दाटसर असतं. आपल्याकडचं मही त्यासाठी फार पातळ पडतं. दही किंचित आंबट असलेलं बरं, त्याच आंबटपणावर सोडा काम करतो.

बेकिंग पावडरचा डबा वर्षभर कपाटात पडून असेल तर आधी तपासा. अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. फसफसून वर आली तर चालेल, नुसती विरघळली तर नवीन आणा.

चिकनच्या दुकानात

सावजी रस्सा डोक्यात ठेवून कापण्याची आपल्याकडच्या दुकानदारांना इतकी सवय आहे की तुम्ही काही बोलायच्या आत सुरी चालते आणि हाताशी बारीक तुकडे येतात. काटा लावतानाच सांगा: "भाऊ, लेग आख्खे ठेवा, छातीचे चार मोठे पीस करा, बारीक नका करू." बारीक तुकड्यांत हाडाचे कण राहतात आणि मग मऊ पांढऱ्या सॉसमध्ये ते दाताखाली येतात, फार वाईट लागतं. बोनलेस घेतलं तर 600 ग्रॅम पुरे, पण मग स्टॉकसाठी हाडं नसतात. हाडासकटच घ्या.

गावरान कोंबडी इथे नको. तिचं मांस सुटायला जो वेळ लागतो त्यात हा पदार्थ दोनदा होईल. तिची चव रश्श्यातच खुलते, तिथेच राहू द्या.

कामाचा क्रम

बहुतेक जण आधी चिकन करतात, मग पीठ मळायला घेतात, आणि तोवर सॉस गार होऊन जातो. म्हणून क्रम उलटा धरा: पिठाची कोरडी तयारी सगळ्यात आधी करून फ्रीजरमध्ये ठेवायची, मग चिकन, आणि ओटीजी तापल्यावरच पिठात दही घालायचं.

म्हणजे पहिलं काम हे. परातीत मैदा, बेकिंग पावडर, सोडा, साखर, मीठ एकत्र करून दोनदा चाळा. गोठलेली लोण्याची वडी कागदात धरून मोठ्या भोकांच्या किसणीवर थेट मैद्यात किसा. मधेमधे किसावर मैदा भुरभुरवा, नाहीतर ते चिकटून गोळा होईल. मग बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, वरून खाली हलकेच चोळा. तळहात गरम असतो, बोटांची टोकं त्या मानाने थंड. पिठात लोण्याचे चपटे कण दिसले पाहिजेत, काही तुरीच्या दाण्याएवढे, काही त्याहून लहान. सगळं एकजीव, रवाळ झालं तर जास्त चोळलं गेलं. हे कण ओव्हनमध्ये वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाला पदरापदराने उचलते. कण आधीच विरघळले तर उचलायला काही उरतच नाही. परात झाकून फ्रीजरमध्ये ठेवा.

आता चिकन. मोठ्या पातेल्यात एक लिटर पाणी, चिकनचे तुकडे, अर्धा कांदा, तेजपान, अख्खे मिरे आणि एक चमचा मीठ. उकळी आली की वरचा फेस काढा आणि आच मंद करा, पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. 20 ते 25 मिनिटांत ब्रॉयलर शिजतो. मांडीच्या जाड भागात सुरी खुपसली तर निघणारं पाणी स्वच्छ हवं, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर आत 74 अंश सेल्सिअस. घाई असेल तर कुकरला एक शिटी आणि नंतर मंद आचेवर पाच मिनिटं, पण पातेल्यातलं चिकन जास्त रसाळ राहतं हे मान्य करावं लागेल.

तुकडे बाहेर काढा, हाताला सोसवतील इतके निवू द्या आणि मांस बोटांनी सोडवा. फार बारीक चुरा करू नका, अंगठ्याएवढे तुकडे ठेवा. 1 किलोतून साधारण अर्धा किलो मांस निघतं. उरलेली हाडं परत त्याच पाण्यात टाकून 20 मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. 500 मिली भरलं पाहिजे. जास्त असेल तर आटवा, कमी असेल तर पाणी घाला. हा स्टॉक गरमच ठेवा.

सॉस

जाड बुडाच्या कढईत 60 ग्रॅम लोणी आणि लोणी जळू नये म्हणून चमचाभर तेल. त्यात उरलेला बारीक चिरलेला कांदा, गाजराचे छोटे चौकोन, ठेचलेला लसूण आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. कांदा पारदर्शक व्हायला हवा, लाल नाही. आपला हात सवयीने कांदा परतत राहतो, इथे त्याला आवरा. लाल कांद्याने सॉसचा रंग मळकट होतो आणि गोडसर चव येते.

आता 60 ग्रॅम मैदा भुरभुरून दोन मिनिटं हलवत राहा. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या लोण्याचा वास यायला लागला की पहिला डाव गरम स्टॉक घाला आणि जोरात फिरवा. पहिल्या डावाला सगळं घट्ट होऊन गोळा बसतं, घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या डावाला ते सुटतं. स्टॉक संपला की दूध. मग उकळी येऊ द्या आणि उकळी आल्यावर तीन मिनिटं मंद आचेवर ठेवा. मैद्यातला स्टार्च उकळीच्या आसपासच पूर्ण फुलतो, त्याआधी दाटपणाचा अंदाज घेण्यात अर्थ नाही.

दाटपणा असा बघा: लाकडी उलथन्याला सॉस लागू द्या, त्याच्या पाठीवरून बोट ओढा. रेघ तशीच राहिली, कडा वाहून एकत्र आल्या नाहीत, तर झालं. ओव्हनमध्ये तो आणखी घट्ट होणार आहे, शिवाय बिस्किटंही थोडी ओल शोषतात, तेव्हा आता किंचित सैल वाटला तरी चालेल. वाटाणे, चिकन, मिरेपूड घाला, चव बघून शेवटी मीठ. स्टॉक आणि लोणी दोन्ही खारे आहेत हे विसरू नका.

तिखटाचा प्रश्न

आपल्या घरात हा प्रश्न येणारच. पांढरं भांडं टेबलावर आलं की कोणीतरी वाकून विचारतं, "तिखट कुठं आहे जी याच्यात?" सावजी मसाला घालायचा मोह होतो. घालू नका. सोवळं-ओवळं म्हणून नव्हे, त्याला कारण आहे. सावजीची चव तर्रीत असते, आणि तर्री म्हणजे तेल. ते तेल सॉसच्या वर येऊन तरंगतं आणि नेमकं बिस्किटांच्या बुडाला लागतं. पीठ भाजायच्या ऐवजी तेलात भिजतं. शिवाय दूध आणि भाजलेल्या काळ्या मसाल्याची चव एकमेकांना मारते.

तिखटपणा मिऱ्यांतून आणि हिरव्या मिरचीतून येऊ द्या. दोनाच्या चार मिरच्या करा, मिरेपूड दुप्पट करा, पांढऱ्या सॉसला ते छान पेलतं. बिस्किटाच्या पिठात बारीक चिरलेली मिरची आणि कोथिंबीर घातली तरी बिघडत नाही. पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या सगळ्यांच्याच ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतात, एखादी इथे खपवा. ज्याला एवढ्यानेही पुरत नाही त्याच्या ताटात बाजूला ठेचा वाढा.

ओटीजी आणि मांडणी

सॉसमध्ये दूध घालायच्या सुमारास ओटीजी चालू करा: 200 अंश, दोन्ही रॉड, 15 मिनिटं. तापल्याचा दिवा गेला तरी पाच मिनिटं जास्त थांबा. प्लगकडे लक्ष द्या. 1500 वॅटचा ओटीजी 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे मिक्सरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. 16 अँपिअरचा, गीझर लावतो तसा पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवर, 200 अंशांवरच, बुटक्या जाळीवर ठेवा. पंख्यामुळे वरचा रंग लवकर येतो, तेव्हा 18 मिनिटांपासून बघायला लागा.

काचेचं भांडं जानेवारीत ओट्यावर पडून गारठलेलं असतं. त्यात उकळता सॉस एकदम ओतला तर तडा जाऊ शकतो. आधी गरम पाण्याने विसळून, पुसून घ्या. सॉस भांड्याच्या काठापासून निदान तीन सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. जास्त असेल तर वाटीत काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी ब्रेडबरोबर खाता येतो.

आता सॉसची कढई मंद आचेवर उकळत ठेवूनच फ्रीजरमधली परात बाहेर काढा. दही-दुधाचं मिश्रण मधोमध ओता, पण सगळं एकदम नको, दोन चमचे मागे ठेवा. प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. काट्याने दहा-बारा वेळा फिरवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. पीठ खडबडीत, चिकट, अर्धवट दिसतं, आणि तसंच दिसलं पाहिजे. पोळ्यांच्या कणकेसारखं मळायला गेलात तर संपलं, ग्लूटेन तयार होऊन बिस्किटं चिवट होतात.

इथे दोन वाटा आहेत. सोपी वाट: मोठ्या चमच्याने पिठाचे ढीग थेट सॉसवर टाका. ओबडधोबड दिसतात, पण टोकं छान कुरकुरीत होतात. मी बहुतेक वेळा हेच करते आणि तुम्हालाही हेच सुचवीन. दुसरी वाट: मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर पीठ हाताने दोन सेंटिमीटर जाड थापा, एकदा दुमडा, परत थापा आणि स्टीलच्या छोट्या पेल्याने गोल कापा. पेला सरळ खाली दाबून सरळ वर उचला, फिरवू नका. फिरवल्याने कडा चिकटून बंद होतात आणि बिस्किट वर यायच्या ऐवजी एका बाजूला कलतं. नऊ-दहा बिस्किटं होतात.

उकळता सॉस भांड्यात ओता आणि लगेच वर बिस्किटं मांडा, मधे बोटभर फटी ठेवून. सॉसची वाफ या फटींतून बाहेर पडते. सगळा पृष्ठभाग पिठाने बंद केला तर वाफ खाली कोंडते आणि बुडाचं पीठ चिकट राहतं. सॉस गरम हवा तो यासाठीच: बिस्किटाची वरची बाजू रॉड भाजतो, खालची बाजू फक्त सॉसच्या उष्णतेवर शिजते. सॉस कोमट असेल तर तो तापेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात बिस्किटं वरून रंग घेऊन मोकळी होतात.

बिस्किटांवर दूध लावा. भांड्याखाली एक ताटली किंवा बेकिंग ट्रे ठेवा, सॉस उतू जातोच आणि खालच्या रॉडवर पडला तर घरभर धूर होतो. मधल्या खाचेत 22 ते 28 मिनिटं. वरून खमंग सोनेरी रंग आणि फटींतून सॉस बुडबुडताना दिसला पाहिजे. रंग आधीच आला असेल तर वरचा रॉड बंद करा किंवा ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका. झालं की नाही याची खरी परीक्षा मधल्या बिस्किटाची आहे, कडेच्या नव्हे. ते चमच्याने उचलून खाली बघा. बूड ओलं असणारच, पण त्याच्या वरचा भाग पावासारखा जाळीदार हवा. पांढरा, पिठूळ लगदा दिसला तर आणखी पाच मिनिटं.

बाहेर काढल्या काढल्या उरलेलं 15 ग्रॅम लोणी बिस्किटांवर फिरवा आणि 10 मिनिटं हात लावू नका. सॉस तेवढ्यात बसतो, आणि जिभाही वाचतात. बरोबर पोळी-भात काही लागत नाही. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात असतात. त्यांच्या सोललेल्या फोडी, पातळ चिरलेला कांदा, मीठ आणि मिरेपूड एवढी कोशिंबीर लोण्याच्या या जड पदार्थाला फार छान तोडते.

उन्हाळ्यात करायचं तर

लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा दुपारी स्वयंपाकघरातच तेवढं तापमान असतं. म्हणजे किसलेलं लोणी तुमच्या हातात पाणी होणार. अशा वेळी मैदा, परात आणि किसणीसुद्धा तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. काम सकाळी सहा-सातला उरका: कोरडं मिश्रण लोण्यासकट पिशवीत भरून फ्रीजरमध्ये, चिकन नि सॉस निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये. संध्याकाळी सॉस उकळा, पिठात दही-दूध घाला, चमच्याने सॉसवर टाका. थापायच्या वाटेला या दिवसांत जाऊच नका. एकदा दही पडलं की मात्र पीठ ठेवायचं नाही, बेकिंग पावडर आणि सोडा ओले होताच कामाला लागतात.

ओव्हनच नसेल तर

कढईत वाळू-मीठ तापवून भाजायचे प्रयोग केकला चालतात, इथे नाही, कारण वरून आच मिळत नाही आणि बिस्किटं पांढरी फटक राहतात. त्यापेक्षा त्याच साहित्याचा दुसरा पदार्थ करा. सॉसमध्ये कपभर स्टॉक जास्त घालून पातळ ठेवा, उकळत्या सॉसवर पिठाचे छोटे गोळे चमच्याने सोडा, घट्ट झाकण लावा आणि मंद आचेवर 15 मिनिटं झाकण उघडू नका. वरणफळं करणाऱ्या घरात हे नवीन नाही, फक्त वरणाच्या जागी चिकन आहे. अमेरिकेतही चिकन-डम्पलिंग म्हणून हे आवडीने खातात.

उरलं तर

फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं, पण बिस्किटं रात्रभरात सॉस पिऊन मऊ पडतात. शक्य असेल तर ती वर उचलून वेगळ्या डब्यात ठेवा. गरम करताना भांडं फ्रीजमधून थेट तापल्या ओटीजीत घालू नका, काच तडकते. अर्धा तास बाहेर ठेवा, चमचाभर दूध सॉसवर शिंपडा, फॉइलने झाकून 160 अंशांवर 20 मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं फॉइल काढून. मायक्रोवेव्हमध्ये सॉस गरम करायला हरकत नाही. बिस्किटं तव्यावर झाकण न ठेवता, लोण्याच्या थेंबावर, दोन्हीकडून शेकून घ्या.